गॅस्ट्रिक बँड बसवल्यावर जिवाला लागणारा घोर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑपरेशनच्या आधी सगळे प्रश्न वजनाचे असतात. किती उतरेल, किती दिवसांत उतरेल. ऑपरेशन होऊन माणूस घरी येतो, रात्री पाठीवर पडून छताकडे बघत राहतो आणि मग दुसऱ्याच प्रश्नांची रांग लागते. आत काही सरकलं तर? रुतलं तर? आत्ता दुखलं ते काय होतं? मला बँड बसवून नऊ वर्षं झाली. मी डॉक्टर नाही, पण हे प्रश्न मी स्वतःला विचारलेत, डॉक्टरांना विचारलेत आणि नव्याने बँड बसवलेल्या कित्येकांनी मला विचारलेत. जे पुन्हापुन्हा येतात ते इथे घेतलेत. तुमच्या सर्जनने यापेक्षा वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका. तुमचं पोट आतून त्यांनी पाहिलंय.

माझ्या पोटात नेमकं काय बसवलंय? ते फुटू शकतं का?

सिलिकॉनचं एक कडं. अन्ननलिका जिथे जठराला मिळते त्याच्या जरा खाली, जठराच्या वरच्या टोकाभोवती ते बसवलेलं असतं. कड्याच्या वर जठराचा जेमतेम १५ ते ३० मिलिलिटर मावेल एवढाच भाग उरतो. कड्याच्या आतल्या अंगाला एक फुगा असतो, त्यातून एक बारीक नळी निघते आणि ती पोटाच्या कातडीखाली, स्नायूंच्या आवरणाला शिवलेल्या पोर्टला जोडलेली असते. पोर्टमध्ये सुई घालून सलाइन भरलं की कडं आवळतं, काढलं की सैल होतं.

फुगा किंवा नळी गळू शकते. पण गळतं ते मिठाचं पाणी, आणि ते शरीर शोषून घेतं. 'स्फोट' वगैरे काही होत नाही. कळतं ते एवढंच, की काल दोन घासांत पोट भरत होतं आणि आज भूक लागायला लागली.

याच प्रश्नाला जोडून एक खुलासा. वजनाच्या ऑपरेशननंतर 'लीक' होऊन माणूस दगावला असं वाचून पुष्कळ जण हादरतात. ती गळती बहुतेक वेळा स्लीव्ह किंवा बायपास या वजनाच्या दुसऱ्या ऑपरेशनांमधली असते. तिथे जठर कापून पिना मारलेल्या असतात आणि त्या शिवणीतून गळती होते. बँडमध्ये जठर कापलेलं नसतं, आतडंही वळवलेलं नसतं. तशी शिवणच नाही, तर ती उसवण्याची भीतीही नाही. दुसऱ्याच्या ऑपरेशनची भीती आपल्या अंगावर घेऊ नका, आपल्या वाट्याची पुरेशी असते.

ही पद्धत किती जुनी आहे? आमच्यावर प्रयोग तर झाला नाही ना?

सलाइन भरून आवळता येणारा बँड ल्युबोमिर कुझमाक या सर्जनने १९८६ मध्ये आणला. तेव्हा तो पोट उघडून बसवत. दुर्बिणीतून तो पहिल्यांदा बसवला मितिकू बेलाच्यू यांनी, १९९३ मध्ये, बेल्जियममध्ये. अमेरिकेत त्याला २००१ मध्ये परवानगी मिळाली. म्हणजे तीस वर्षांहून जास्त काळाचा अनुभव हाताशी आहे. त्यात काय चांगलं निघालं आणि काय वाईट, ते पुढे आकड्यांच्या प्रश्नात येईल.

पहिल्या महिन्यात कशाकडे लक्ष ठेवायचं?

या दिवसांतल्या धोक्यांतले बरेचसे कुठल्याही पोटाच्या ऑपरेशनचे असतात: रक्तस्राव, जखमेत पू होणं, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं. खास बँडचे दोन. बँड सरकवताना जठराला किंवा अन्ननलिकेला भोक पडणं, हे फार क्वचित होतं. दुसरं म्हणजे बँडच्या जागी सूज येऊन वाट बंद होणं, म्हणजे पाणीही खाली न उतरणं. सूज बहुधा काही दिवसांत ओसरते, तोवर सलाइनवर ठेवतात. या ऑपरेशनमध्ये मृत्यूचं प्रमाण हजारात एकाहूनही कमी आहे आणि वजनाच्या ऑपरेशनांमध्ये ते सगळ्यांत कमी मानलं जातं.

पहिल्या काही आठवड्यांत ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला, आराम करत असतानाही नाडी मिनिटाला १२० च्या वर राहिली, पोटातली कळ कमी होण्याऐवजी वाढत गेली, एका पोटरीला सूज येऊन ती दुखायला लागली किंवा अचानक धाप लागली, तर सकाळची वाट बघायची नाही. यातली नाडीची गोष्ट लोकांना ठाऊकच नसते. कधीकधी ताप आणि दुखणं यायच्या आधी नाडी धावायला लागते.

चालत राहा. गुठळीवर त्याहून स्वस्त औषध नाही.

पोटाचं ऑपरेशन झालं, मग खांदा का दुखतोय?

दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. उरलेल्या वायूने श्वासपटल चाळवलं की दुखतं खांद्यात, कारण दोघांची मज्जातंतूंची वाट एकच. दोन-चार दिवसांत जातं. महिन्या-दोन महिन्यांनंतर नव्याने डावा खांदा दुखायला लागला आणि तो खाताना दुखत असेल, तर मात्र डॉक्टरांना सांगा.

घास अडकला. बँड सरकला असेल का?

एखादा घास अडकणं म्हणजे बँड सरकणं नव्हे. बँडवाल्या प्रत्येकाला हा अनुभव कधी ना कधी येतोच: छातीच्या मधोमध दगड ठेवल्यासारखं वाटतं, तोंडाला पाणी सुटतं, घट्ट फेसाळ लाळ जमायला लागते आणि मग तो घास न पचता, आंबट न होता तसाच वर येतो. आला की पाच मिनिटांत बरं वाटतं. घाईने खाल्लं, नीट चावलं नाही, मऊ पाव किंवा चिवट मांस किंवा तंतुमय भाजी खाल्ली, जेवताना बोलत बसलं की हे होतं.

अडकलाच तर खाणं थांबवा, उभे राहा, येरझारा घाला. वरून पाणी ढोसू नका, वाट बंद असताना त्याला जायला जागाच नसते. त्या दिवशी पुढे पातळच घ्या, कारण आतली जागा सुजलेली असते आणि पुढचा घासही तिथेच अडकायला टपलेला असतो.

महिन्यातून एखाद वेळ असं झालं तर ती सवयीची चूक. आठवड्यातून तीनदा होत असेल तर पुढचे दोन प्रश्न नीट वाचा.

बँड घट्ट असला म्हणजे जास्त चांगला ना?

नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

बहुतेक लोक भितात ते फुटण्या-तुटण्याला. मी ज्यांना अडचणीत आलेलं पाहिलं त्यातले बरेच जण आनंदात होते. वजन भराभर उतरत होतं, बँड 'मस्त बसला' होता. फक्त पोळीसारखं घट्ट काही खाली जात नव्हतं, म्हणून सूप, आइस्क्रीम, बिस्किटं दुधात भिजवून, असं चाललं होतं. जेवणानंतर बाथरूममध्ये जाऊन यावं लागतं, ते तर आता अंगवळणीच पडलं होतं. याला म्हणतात जास्त आवळलेला बँड. माणूस त्याच्याशी इतकं जुळवून घेतो की त्रास हा त्रास वाटेनासा होतो. तिकडे वरच्या पिशवीवर आणि अन्ननलिकेवर रोज ताण पडत राहतो. पिशवी ताणली जाते, अन्ननलिका फुगत जाते, पुढे बँड सरकण्याची शक्यता वाढते. आणि शेवटी वजनही वाढतं, कारण विरघळणारं गोड बँड अडवत नाही.

बरोबर बसलेल्या बँडची खूण वेगळी. थोडं घट्ट अन्न, नीट चावून, वीस-तीस मिनिटांत खाल्लं की समाधान होतं आणि ते काही तास टिकतं. उलटी नाही, रात्री खोकला नाही, घशाशी येणं नाही. बँडचं काम भूक शमवण्याचं आहे. घासाला अडवणं हे त्याचं काम नाही.

'मला ६ भरलंय, तुला किती?' हा प्रश्नही सोडून द्या. बँडच्या प्रकारानुसार त्यात ४ पासून १४ मिलिलिटरपर्यंत मावतं. ४ च्या बँडमधले ३ आणि १४ च्या बँडमधले ३ यांची तुलनाच होत नाही.

पहिलं फिल, म्हणजे पोर्टमधून सलाइन भरणं, साधारण चार ते सहा आठवड्यांनी करतात. प्रत्येक फिलनंतर दवाखान्यातच पाणी पिऊन ते खाली उतरतंय हे बघा आणि मगच निघा. एक-दोन दिवस पातळ घेत असताना सगळं ठीक वाटतं आणि तिसऱ्या दिवशी घट्ट खायला लागल्यावर कळतं की जास्त झालंय. तसं झालं तर 'महिनाभराने अपॉइंटमेंट आहेच' म्हणून थांबू नका. सलाइन काढणं हे दहा मिनिटांचं काम आहे. त्यात हार कसली?

रात्री झोपेत खोकला येतो. बँडशी याचा काय संबंध?

आहे, आणि तो मला महागात पडला. चौथ्या वर्षी मला आडवं झालं की ठसका लागायचा. मी तीन महिने ॲलर्जीची औषधं घेतली, उशी बदलली, पडदे धुतले. बँडचं नाव मी त्या डॉक्टरांसमोर काढलंच नाही, कारण खोकला छातीचा आणि बँड पोटाचा, असं माझं साधं गणित. मग एका पहाटे उशीवर आदल्या रात्रीचं जेवण सापडलं.

झालं होतं असं: बँड जास्त घट्ट, त्यामुळे अन्न वरच साचून राहत होतं आणि झोपल्यावर ते घशाशी येऊन श्वासनलिकेत झिरपत होतं. अशाने न्यूमोनियासुद्धा होतो. बेरियम (एक्स-रेत उठून दिसणारं द्रव) पाजून एक्स-रे काढला तर अन्ननलिका फुगलेली दिसली. सगळं सलाइन काढलं, पाच-सहा आठवडे बँड रिकामा ठेवला, पुन्हा तपासणी केली. अन्ननलिका मूळपदावर आली होती. वेळेत पकडलं तर बहुतेकदा ती येते, वर्षानुवर्षं तशीच फुगत राहिली तर सांगता येत नाही.

म्हणून रात्रीचा खोकला, सकाळी घसा बसणं, उशीवर ओलसर डाग, झोपेत आंबट पाणी तोंडात येणं, यातलं काही नव्याने सुरू झालं तर बँडच्या डॉक्टरांना आधी सांगा. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तरी 'मला बँड आहे' हे पहिलं वाक्य असू द्या.

मग बँड खरोखर सरकतो तेव्हा काय होतं?

बँड खाली घसरतो असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात बँडच्या खालचा जठराचा भाग त्यातून वर निसटतो. वरची पिशवी मोठी होते आणि बँड तिरपा होतो. कधी हे हळूहळू होतं आणि छातीत जळजळ, रात्रीची उलटी, पूर्वी जाणारं अन्न न जाणं अशी लक्षणं वाढत जातात. कधी मोठ्या उलट्यांनंतर एकाएकी होतं.

साध्या एक्स-रेमध्येही अंदाज येतो. पाठीच्या कण्याशी बँडचा कोन ४ ते ५८ अंशांच्या दरम्यान असावा लागतो. सरळ बसलेला बँड कडेने दिसतो, म्हणजे एका आडव्या तिरप्या पट्टीसारखा. सरकून कलंडलेला बँड समोरून गोल, इंग्रजी 'ओ'सारखा दिसतो. बेरियमने चित्र आणखी स्पष्ट होतं.

पहिला उपाय म्हणजे बँड पूर्ण रिकामा करणं. थोडक्यावर असेल तर त्यानेच भागतं. नाही भागलं तर पुन्हा दुर्बिणीतून बँड जागेवर आणतात किंवा काढून टाकतात. सलाइन काढल्यावरही पोटात सतत तीव्र कळ राहत असेल, तर अडकलेल्या भागाचा रक्तपुरवठा तुटत असण्याची शक्यता असते. तिथे तासांचा हिशोब असतो.

बँड जठरात रुततो म्हणतात, ते कसं कळतं?

यालाच इरोजन म्हणतात. नाव ऐकून वाटतं पोटात एकदम काही फाटेल. होतं उलटंच. बँडभोवती शरीराने आवरण तयार केलेलं असतं, त्यामुळे तो महिनोन् महिने, गाजावाजा न करता भिंतीतून आत सरकत राहतो. दुखतंच असं नाही. जे कळतं ते आडून कळतं: बँडचा परिणाम अचानक नाहीसा होतो, फिल करूनही फरक पडत नाही. किंवा ऑपरेशनला वर्ष-दोन वर्षं झाल्यावर पोर्टची जागा कारण नसताना लाल होऊन पाझरायला लागते. जंतू आतून नळीच्या वाटेने आलेले असतात. असा उशिराचा पोर्टचा संसर्ग नुसत्या अँटिबायोटिकवर सोडून द्यायचा नसतो, एंडोस्कोपी करून आत बघावं लागतं. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच झाली तर तातडीने जायचं.

रुतलेला बँड काढावाच लागतो. पुरेसा आत आला असेल तर काही वेळा तोंडावाटे, एंडोस्कोपीनेही काढता येतो.

पोर्टच्या जागी टोचतं, गाठ लागते. हे बरोबर आहे का?

वजन उतरलं की वरची चरबी जाते आणि पोर्ट हाताला लागायला लागतो. घाबरू नका, तो आधीही तिथेच होता. वाकताना किंवा पोटाचा व्यायाम करताना टोचणं हेही सर्रास होतं.

पोर्टची खरी दुखणी तीन. तो उलटा होतो, मग सुई आत जात नाही. नळी त्याच्यापासून सुटते किंवा तिला चीर जाते. किंवा संसर्ग होतो. पहिल्या दोन्हींवर बहुधा छोट्या ऑपरेशनने भागतं आणि जठराला हात लावावा लागत नाही. फिलसाठी खास टोकाची, रबराचा तुकडा न कापणारी ह्यूबर सुई लागते. साध्या इंजेक्शनच्या सुईने पोर्टचा पडदा गळका होतो. कुणी हौसेने 'मी काढून देतो थोडं' म्हणाला तर नम्रपणे नकार द्या.

शेवटी किती जणांना त्रास होतो? खरे आकडे सांगा.

दोन अभ्यास शेजारीशेजारी ठेवून बघा.

एक बेल्जियममधला, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला. १९९४ ते १९९७ या काळात बँड बसवलेल्या १५१ जणांपैकी ८२ जणांना बारा वर्षांनंतर गाठून तपासलं. ३९ टक्क्यांना मोठी गुंतागुंत झाली होती, २८ टक्क्यांमध्ये बँड रुतला होता आणि जवळजवळ निम्म्यांचा काढावा लागला होता. तरीही ६० टक्के जण समाधानी होते, हे मला त्यातलं सगळ्यांत कोड्यात टाकणारं वाटतं.

दुसरा ऑस्ट्रेलियातला, पॉल ओब्रायन आणि सहकाऱ्यांचा, २०१३ मधला. रुग्ण ३,२२७. पंधरा वर्षांनंतर जास्तीच्या वजनातलं सरासरी ४७ टक्के वजन उतरलेलं टिकून होतं. रुतण्याचं प्रमाण ३.४ टक्के, बँड कायमचा काढलेले ५.६ टक्के. पण इथेही पिशवी मोठी झाल्यामुळे २६ टक्क्यांना आणि पोर्ट किंवा नळीमुळे २१ टक्क्यांना पुन्हा ऑपरेशन लागलं. मात्र पिशवी मोठी होण्याचं प्रमाण सुरुवातीच्या वर्षांत ४० टक्के होतं, ते तंत्र सुधारल्यावर ६.४ टक्क्यांपर्यंत आलं.

सुरुवातीच्या काळात बँड जठराला अगदी चिकटून नेत, नंतर तो जरा दूरच्या पातळ पडद्यातून नेऊ लागले, तेव्हा सरकणं बरंच कमी झालं. तुमचा बँड कोणत्या वाटेने बसवलाय हे ऑपरेशनच्या कागदात लिहिलेलं असतं. आणि माझं मत विचाराल तर दोन्ही अभ्यास एकच सांगतात: कधीतरी पुन्हा टेबलावर जावं लागण्याची शक्यता मोठी आहे, जीव जाण्याची फार लहान. या दोन शक्यता म्हणजे दोन वेगवेगळी माणसं आहेत. रात्री दोन वाजता ती एकसारखी दिसतात, एवढंच.

हल्ली बँड कुणी बसवत नाही म्हणे. माझं चुकलं का?

कमी झालाय हे खरं. अमेरिकेत २०११ मध्ये वजनाच्या ऑपरेशनांपैकी साधारण ३५ टक्के बँडची होती, २०१८ पर्यंत ती एक टक्क्याच्या आसपास आली. कारणं: स्लीव्हमध्ये वजन जास्त उतरतं, बँडला वरचेवर फिलसाठी यावं लागतं आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण. तुमचा निर्णय तेव्हाच्या माहितीवर झाला होता. आज कामाची गोष्ट वेगळीच आहे: बँड हाताळणारे डॉक्टर कमी होत चाललेत. तुमचे सर्जन निवृत्त होणार असतील किंवा तुम्ही गाव सोडणार असाल, तर त्रास व्हायच्या आधीच दुसरं ठिकाण शोधून ठेवा आणि कागद ताब्यात घ्या.

केस मूठमूठ गळताहेत. आत काही बिघडलंय का?

बहुधा नाही. ऑपरेशन आणि वेगाने उतरलेलं वजन यांचा तो धक्का असतो. तीन ते सहा महिन्यांच्या सुमारास केस गळतात आणि मग परत येतात. प्रथिनं आणि लोह कमी पडत नाही ना, तेवढं तपासून घ्या.

बँडमध्ये तर अन्न नीट शोषलं जातं. मग जीवनसत्त्वांच्या गोळ्या कशाला?

शोषलं जातं, पण आधी पोटात जायला हवं ना. खाणंच निम्म्यावर आलं की लोह, ब-१२, ड हे सगळं हळूहळू खाली जातं. वर्षातून एकदा रक्त तपासावं. सलग उलट्या होत असतील तर धोका थायमिनचा, म्हणजे ब-१ चा. त्याचा साठा शरीरात दोन-तीन आठवड्यांपुरताच असतो. उलट्यांबरोबर चालताना तोल जाणं, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणं, गोंधळल्यासारखं होणं सुरू झालं तर ती तातडीची बाब. आधी थायमिन, मग ग्लुकोजचं सलाइन, हा क्रम महत्त्वाचा असतो.

जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊन ती पाठीत जात असेल, तर बँडऐवजी पित्ताशयातले खडे तपासा. वजन भराभर उतरणाऱ्यांना ते होतात.

कुठली औषधं टाळायची?

आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन या जातीची दुखण्यावरची औषधं स्वतःच्या मनाने घेऊ नका. जठराच्या अस्तराला ती झोंबतात. पॅरासिटामॉल चालतं. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर तीही स्वतःच्या मनाने बंद करू नका, विचारा. मोठ्या गोळ्या अडकू शकतात. कुठली तोडायची आणि कुठली तोडायची नाही हे औषध देणाऱ्याला विचारून घ्या. सिगारेट सोडा, त्यावर जास्त लिहीत नाही.

एमआरआय करता येतो का?

साधारणपणे येतो, पण मशीनजवळ जायच्या आधी बँडचं नाव आणि प्रकार सांगायचा.

गरोदर राहिले तर?

वजन उतरतं तसं पाळी नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते, कित्येकींना तो सुखद किंवा असुखद धक्का असतो. ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने थांबायला सांगतात. दिवस राहिलेच तर बँडच्या डॉक्टरांना लगेच कळवा. बँडचा इथे एक मोठा फायदा आहे, तो सैल करता येतो. उलट्या फार असतील किंवा बाळाची वाढ कमी पडत असेल तर सलाइन काढतात. वारंवार उलट्या होत असताना गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवू नका.

रात्री-अपरात्री कधी जायचं, आणि तिथे काय सांगायचं?

पाणी किंवा स्वतःची थुंकीही काही तास खाली उतरत नसेल, उलट्या थांबत नसतील, पोटात किंवा छातीत थांबून न जाणारी तीव्र कळ असेल, रक्त पडत असेल, ताप येऊन हुडहुडी भरत असेल किंवा धाप लागली असेल, तर जा. छातीतलं प्रत्येक दुखणं बँडचंच समजू नका, हृदयाचं असू शकतं, आणि ते आधी बघितलं जाऊ दे.

रात्रपाळीच्या डॉक्टरांनी कदाचित बँड कधी पाहिलेलाही नसेल. पाकिटात एक कागद ठेवा: बँडचा प्रकार आणि क्षमता, ऑपरेशनची तारीख, पोर्ट कुठे आहे, शेवटचं फिल कधी आणि आत किती मिलिलिटर आहे, सर्जनचा फोन. आणि एक वाक्य पाठ करून ठेवा: 'मला गॅस्ट्रिक बँड आहे, तो ह्यूबर सुईने रिकामा करता येतो का ते बघा आणि बँडच्या सर्जनशी बोला.' अंदाजाने नाकातून नळी घालायला कुणी निघालं तर बँडचं आवर्जून सांगा.

तपासण्या सगळ्या चांगल्या आल्या, तरी भीती जात नाही.

मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण बँडवाल्यांसाठीच केली असावी. त्यात एक अडचण खरीखुरी आहे: ताणाखाली घसा आणि छाती खरंच आवळल्यासारखी होते, घास खरंच अडकतो. मग तो अडकला म्हणून भीती वाढते आणि पुढचा घास आणखी अडकतो. कित्येकांना सकाळी उठल्यावर बँड घट्ट वाटतो आणि दुपारपर्यंत सैल. म्हणजे रोजचा चढउतार हा बिघाड नव्हे.

मला उपयोग झाला तो वहीचा. काय खाल्लं, अडकलं का, रात्री घशाशी आलं का, एवढंच, रोज दोन ओळी. 'सारखं अडकतं' असं वाटायचं, वही म्हणायची महिन्यात दोनदा. आणि खोकल्याच्या त्या तीन महिन्यांत वही असती, तर तिनेच मला डॉक्टरकडे धाडलं असतं. भीती ती दोन्हीकडून दुरुस्त करते. शिवाय तपासणीची तारीख ठरलेली असू द्या, सगळं ठीक असतानाही वर्षातून एकदा.

पण खाण्याचीच भीती बसली असेल, झोप उडाली असेल, पूर्वी खाण्याने मिळणारा आधार गेल्यावर मन सैरभैर झालं असेल, दारूकडे हात जायला लागला असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक गाठा. जीव नकोसा वाटतोय हे त्याच दिवशी सांगायचं, वही भरेपर्यंत थांबायचं नाही.

बँड काढावा लागला तर?

दुर्बिणीतूनच काढतात. जठराचा आकार बहुतांशी पूर्ववत होतो, थोडे व्रण आणि आतले बंध राहतात. वजन मात्र बहुतेकांचं परत चढतं, म्हणून काढायच्या आधीच पुढचं बोलून घ्या. स्लीव्ह किंवा बायपास करता येतं, कधी त्याच वेळी, कधी काही महिने थांबून. बँड रुतलेला असेल तर जठर भरून येईपर्यंत थांबतातच.

रिकामा करून तसाच आत ठेवला तर चालेल का?

चालतो, आणि बरेच जण तसाच ठेवतात, विशेषतः दुसऱ्या ऑपरेशनची तयारी नसते तेव्हा. पण रिकामा बँडही सरकू शकतो आणि रुतूही शकतो. वर्षाची तपासणी त्यालाही लागू आहे आणि पाकिटातला कागदही. फक्त त्यावर 'आत ० मिलिलिटर' असं लिहा.